निळ्या पेनातली येळवस

शिवांशचं जावळ काढायला न्हावी ओसरीवर वस्तऱ्याला धार लावत बसला होता, आणि आतल्या खोलीत शिवांशची आई पुण्यातल्या कुणाच्या तरी अक्कलदाढेची वेळ बदलून देत होती. साल दोन हजार तेवीस, डिसेंबरचा पहिला आठवडा. उदगीरच्या गुरुबसप्पा हलबुर्ग्यांच्या घरी पाव्हणे जमले होते. पोर मामाच्या मांडीवर बसून मामाच्या शर्टाचं बटण चावत होतं. सगळे आईची वाट बघत होते.

"थांबा जरा," नागम्मा न्हाव्याला म्हणाली. "तिचं होऊ द्या."

नागम्मा म्हणजे गुरुबसप्पांची बायको, पोराची आजी. तिच्या शेजारी देवणीहून आलेली नणंद बसली होती. नणंदेनं सुपारी कातरायची थांबवली.

"वैनी, जावळ पोराचं हाय का फोनचं?"

"दोन मिंटं."

"करती तरी काय गं तुझी सून दिसभर त्या खोलीत?"

"लांबच्या लोकांचं जवळचं काम करती," नागम्मा म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे पुण्याला एक दाताची डाक्टरीनबाई हाय. तिच्याकडं कोण कवा येणार, ते ही हितं बसून ठरवती. हैदराबादला घराचे नकाशे काढणारा एक जण हाय, त्याची पत्रं ही लिव्हती. नागपूरला एक भाषणं करणारा हाय, त्याचं रेल्वेचं तिकीट ही काढती."

"त्येला सोताला काढता येत न्हाई?"

"येतंय की. पण मंग भाषण कवा करंल?"

नणंद परत सुपारी कातरायला लागली. तेवढ्यात अंबिका पदर सावरत बाहेर आली, फोन उंबऱ्याच्या आत ठेवला आणि सासूला "झालं, आत्या" म्हणून खाली बसली. पोरानं आईला पाहिलं आणि मगच रडायला सुरुवात केली.

अंबिका उमरीची. नांदेडला बी. कॉम. झालेली. लग्नाआधी तिनं नांदेडच्या एका दवाखान्यात दोन वर्षं खिडकीवर काम केलं होतं, पेशंटांची नावं लिहायची, नंबर लावायचे, रागावलेल्यांना बसवायचं. त्या वेळची ओळख धरून तिला पुण्याच्या डॉक्टर सिंधु मॅडमचं काम मिळालं, तेही घरी बसून. अंजू, मोठी मुलगी, तेव्हा पहिलीत जायची होती. मग एकाचं बघून दुसऱ्याचं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याचं काम आलं. अशा कामाला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात हे नागम्माला ठाऊक होतं, पण तो शब्द तोंडात बसत नसे. गुरुबसप्पा त्याला 'बिनदुकानाची मुनीमकी' म्हणत.

गुरुबसप्पांचं किराणा-भुसाराचं दुकान. चाळीस वर्षं त्याच गादीवर बसलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुकान म्हटलं की दार पाहिजे, वजनकाटा पाहिजे, गिऱ्हाईक डोळ्यापुढं पाहिजे. जे गिऱ्हाईक दिसत नाही त्याचा धंदा कसला? मुलगा मृत्युंजय लातूरला बियाण्याच्या गोदामावर नोकरीला लागला, सकाळच्या बसनं जायचा आणि दिवेलागणीला यायचा. दुकानावर बसायला माणूस नव्हतं. अंबिकाला आठवा महिना होता तेव्हा, येळवशीच्या सणाला शेतातच, सासरे म्हणाले होते, "पोर झालं की ते सोड. दुकानावर बस."

अंबिका खाली मान घालून म्हणाली होती, "मामा, एक वर्ष द्या."

"दिलं. येळवस ते येळवस. टिकलं तर टिकलं."

हे नागम्मानं ऐकलं होतं. तेव्हापासून ती त्या खोलीची राखण करायला लागली. पोर झालं, तेल लावणं, शेक, धुरी, सगळं तिनं अंगावर घेतलं. सकाळी नऊ ते दुपारी एक त्या खोलीत कुणी जायचं नाही, हा कायदा तिनं केला. पापड लाटायला बोलवायला आलेल्या बायकांना ती दारातूनच परत लावी. "हापीस चालू हाय," म्हणे.

खोली कसली, पूर्वी तिथं तुरीची पोती असत. शिलाई मशीनच्या टेबलावर संगणक, आणि समोरच्या भिंतीवर महिन्याचा तक्ता. अंबिका दर महिन्याला मोठ्या कागदावर चौकटी आखून तो लावी. संगणकात सगळं असतंच, पण पोर मांडीवर असताना भिंत बरी पडते, असं ती म्हणे. डॉक्टर मॅडमचं निळ्या पेनानं, हैदराबादचं हिरव्यानं, नागपूरचं लाल. आणि घरचं, म्हणजे गॅस, दूध, पोराचा डोस, अंजूच्या शाळेची फी, ते पेन्सिलीनं. पेन्सिल नागम्माची.

नागम्मा साठी उलटेपर्यंत अंगठा उठवत होती. अंजू पहिलीत गेली तेव्हा तिची पाटी तपासायला म्हणून नागम्मा शेजारी बसायला लागली. तपासता येत नव्हतं, म्हणून बघत बसायची. बघता बघता गिरवायला लागली. नातीनं शिकवलं, आणि नात मारकुटी मास्तरीण होती. "अज्जी, न चं पोट फुगवू नको," म्हणून पट्टी आपटायची. दोन वर्षांत नागम्मा देवळाची पाटी, बसची पाटी आणि बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचायला लागली. मग एक दिवस अंबिकानं तिच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाली, "आत्या, घरचं तुम्ही लिहीत जा तक्त्यावर. माझ्या ध्यानात राहतंय न राहतंय."

त्या दिवशी नागम्मानं तक्त्यावर 'गेस' असं लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत तीनदा जाऊन बघून आली.

आता जे घडलं ते असं. जानेवारी लागला. शिवांशला डोस दिला होता आणि अंगात ताप होता. अकरा तारखेला येळवस. लातूर, उदगीर, देवणी, या सगळ्या पट्ट्यात येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अवस. त्या दिवशी घरात चूल नाही. गाव उठून शेतात जातं, ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. बाजाराला कुलूप, रिक्षा नाही, डॉक्टर नाही, सरकारी कचेरीतला साहेबसुद्धा कुणाच्या तरी बांधावर आंबील पीत बसलेला.

नागम्मा येळवस लिहायला खोलीत गेली. पेन्सिल होती, पण तिला टोक नव्हतं, पोरानं चावलं होतं. टोक करून आणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर येळवस पेन्सिलीनं लिहायचं तिच्या जिवावर आलं. गॅस पेन्सिलीनं, दूध पेन्सिलीनं, आणि येळवसही पेन्सिलीनं? टेबलावर निळा पेन उघडाच पडला होता. निळा रंग कुणाचा ते तिला माहीत होतं. एवढ्यानं काय होतंय, म्हणून तिनं अकराच्या चौकटीत दाबून लिहिलं: येळवस. समदं बंद.

अक्षर चांगलं आलं. अनुस्वार डोक्यावर बरोबर बसले. ती खूष होऊन भज्जीच्या शेंगा सोलायला गेली.

अंबिका संध्याकाळी तापलेल्या पोराला खांद्यावर थोपटत एका हातानं निळ्या चौकटी वाचून संगणकात भरत होती. अकरा तारखेशी आली. बंद. तिनं बंद घातलं. अकराच्या पेशंटांना पुढच्या तारखा गेल्या. तिच्या हाताला शंका आली नाही. जन्मापासून तिनं येळवशीला उघडं दार पाहिलं नव्हतं. पुण्याला येळवस नसते, हे तिला माहीत होतं, पण तापलेलं पोर खांद्यावर असताना आठवलं नाही.

येळवशीला सगळे टेम्पोनं शेतात गेले. देवणीच्या वाटेवर चार एकराचा तुकडा, विहीर, बांधावर दोन बाभळी. कडब्याची कोपी, छोटी झोपडीच, उभी केली होती. मृत्युंजयनं डोक्यावर घोंगडी घेऊन त्यावर आंबिलीचं मडकं आणलं. कोपीत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, पुढं लक्ष्मी. शेंगा-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर. गुरुबसप्पा सोवळं नेसून पूजेला बसले, आणि मृत्युंजय आंबील शिंपडत पिकाला फेरा घालायला लागला. मागून अंजू येळवशीची आरोळी देत होती, "ओलगे ओलगे, सालम पोलगे."

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला.

अंबिकानं नाव बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. आज तिची सुट्टी होती, तिघांनाही तिनं आठवडाभर आधी कळवलं होतं, आणि सिंधु मॅडम सुट्टीच्या दिवशी कधी फोन करत नसत. कोपीपाशी आवाज तुटत होता. ती विहिरीकडं चालायला लागली, मग पळायला लागली. फोनला तेवढी एकच जागा होती, विहिरीचा कठडा.

"सणाच्या दिवशीबी?" गुरुबसप्पा म्हणाले.

नागम्मा पोराला कडेवर घेऊन सुनेच्या मागं गेली. कठड्यापासून दहा पावलांवर थांबली.

"हो मॅडम... एकही नाही?" अंबिका म्हणत होती. "सकाळपासून? नाही मॅडम, तुम्ही सांगितलं नव्हतं. मी घातलंय ते."

मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. नागम्माला फोनमधले शब्द कळत नव्हते, पण त्यांची धार कळत होती.

"चूक माझी आहे," अंबिका शेवटी म्हणाली. "कारण नंतर सांगते. आधी मला एक तास द्या. दुपारची खुर्ची रिकामी राहणार नाही."

नागम्मा जागच्या जागी उभी राहिली. पन्नास वर्षांत या घरात 'चूक माझी आहे' हे वाक्य तिनं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दुकानात माप चुकलं तर काटा वाईट असायचा, भाव चुकला तर बाजार वाईट. आणि ही पोर कठड्यावर बसून, कुणी मारत नसताना, सरळ म्हणते, माझी.

अंबिका फोन लावायला लागली. तिचा तिथला आवाज वेगळा असे, पुण्याचा, इस्त्री केलेला.

"नमस्कार, डॉक्टर सिंधु यांच्या दवाखान्यातून अंबिका बोलतेय. तुम्हाला मंगळवारची वेळ दिली होती. आज दुपारी येऊ शकाल का?... नाही? बरं, हरकत नाही."

दुसरा. तिसरा. पाचवा नुसता ओरडला, तेही तिनं ऐकून घेतलं. सातवे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं असावं, मागं कसला गोंधळ आहे, कारण अंबिका म्हणाली, "आमच्याकडे येळवस आहे आजोबा, शेतात आहे मी." आणि मग तिचा आवाज एकदम घरचा झाला. "हो, लातूरकडंच. उदगीर... अहमदपूरला होतात तुम्ही? सात वर्षं?... हो, झाली भज्जी. उंडे पण आहेत... मग येताय ना, तीनला?... या."

इकडं गुरुबसप्पा पूजा आटोपून तरातरा आले. जेवायला पंचवीस माणसं बसायची होती.

"हिला मनावं उठ. लक्ष्मीपुढं सून नसल तर लोक काय मनतील?"

नागम्मा आडवी आली. "उठणार न्हाई ती."

"कामून?"

"मलप्पा आठवतो का तुमाला? तुमचा मुनीम?"

"त्याचं काय आता?"

"त्याला तुमी येळवशीला त्याच्या शेतातनं बोलावलं होतं. गोदामाची किल्ली त्याच्यापाशी हाय म्हणून. हातातला उंडा ठिवून आला होता बिचारा. तवा तुमी मनलात, मुनीम असावा तर असा." तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "ही मुनीम हाय का न्हाई ते तुमीच ठरवा. तवर मी वाढती."

गुरुबसप्पांनी विहिरीकडं एकदा बघितलं आणि ते परत गेले.

बारा फोन झाले, पाच माणसं मिळाली. अंबिका कोपीत आली तेव्हा पंगत उठली होती. नागम्मानं तिच्यापुढं गार भज्जी वाढली.

"काय झालं गं?"

"माझ्या हातून आजची तारीख बंद पडली, आत्या. मॅडम दहाला दवाखान्यात येऊन बसल्या, खुर्ची रिकामी."

"बंद कशी पडली?"

"पडली," अंबिका म्हणाली आणि उंडा मोडला.

नागम्माच्या डोळ्यापुढं भिंतीवरचा तक्ता आला. अकरा तारीख. बंद. दाबून लिहिलेलं, अनुस्वारासकट. तिनं तोंड उघडलं, पण समोर पाव्हण्या बायका होत्या, मृत्युंजय होता. तिनं तोंड मिटलं. पुढं तिला स्वतःचा राग आला तो यासाठी.

संध्याकाळी टेम्पोत गुरुबसप्पांनी विचारलं, "काम ऱ्हातंय का जातंय?"

"शनिवारी सकाळी सांगते म्हणाल्या," अंबिका म्हणाली.

अर्धं काम डॉक्टर मॅडमचंच होतं. शिवाय फेब्रुवारीपासून त्या दुसराही दवाखाना अंबिकाला देणार होत्या. त्यासाठी तिची नांदेडची मैत्रीण सुकन्या, हिमायतनगरला लेकरं सांभाळत बसलेली, जुना संगणक दुरुस्त करून तयार होती. हे गेलं तर येळवस ते येळवसचा हिशेब आपोआप मिटणार होता. गुरुबसप्पांना काही म्हणायचीसुद्धा गरज पडली नसती.

घरी आल्यावर नागम्मा हातपाय धुऊन आधी तक्त्यापाशी गेली. अकराच्या चौकटीवर पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवलेला होता. व्यवस्थित, चारी कडांनी डिंक लावून. डिंक अजून ओला होता. म्हणजे टेम्पोतून उतरल्या उतरल्या अंबिका आधी इथंच आली होती. कुणी ते अक्षर वाचू नये म्हणून.

नागम्मानं पेन्सिल उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि डाळीच्या डब्यात खोल खुपसून ठेवली.

शुक्रवारी दिवसभर ती त्या खोलीत गेली नाही. अंजूनं विचारलं, "अज्जी, दूधवाल्याचा खाडा लिहिला नाहीस?" नागम्मा म्हणाली, "डोळे दुखायलेत."

शनिवारी सकाळी आठला नागम्मा नेहमीसारखी पूजेला बसली. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. या पूजेत बोलायचं नसतं, उठायचं नसतं. तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं, घर जळत असलं तरी तळहातावरचं आधी. पन्नास वर्षांत तिनं ते मोडलं नव्हतं. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या होत्या तेव्हाही नाही.

पलीकडच्या खोलीत फोन वाजला. अंबिका पोराला नाचणीची पेज भरवत होती, म्हणून तिनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. ओसरीवर गुरुबसप्पा पेपर वाचत होते. तिघांनाही ऐकू येत होतं.

"अंबिका, मला फक्त एक सांगा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "हे झालं कसं? तीन वर्षांत तुमच्या हातून अशी चूक मी पाहिली नाही. दुसरं कुणी भरतं का तुमचा तक्ता?"

नागम्माच्या बोटांत बेलाचं पान होतं. ते तिनं पटकन वाहिलं.

"नाही मॅडम. मीच भरते."

"घरातलं कुणी?"

"नाही. आमच्याकडं त्या दिवशी सगळं बंद असतं. माझ्या डोक्यात तेच बसलेलं, मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

"हे कारण मला पटत नाही. तुम्ही काहीतरी झाकताय. झाकणाऱ्या माणसाला मी दोन दवाखाने कसे देऊ?"

नागम्माचे ओठ हलत होते, मंत्र चालू होता. तिनं भस्म लावलं. पाणी घातलं. तीर्थ घेतलं. एक पायरी सोडली नाही, पण एरवी अर्धा तास लागणारी पूजा किती वेळात झाली ते शिवालाच ठाऊक. लिंग वस्त्रात गुंडाळून चांदीच्या डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पलीकडच्या खोलीत गेली.

"बाई, मी अंबिकाची सासू बोलती."

अंबिकानं फोनकडं हात नेला. नागम्मानं तो बाजूला केला.

"नमस्कार," फोन म्हणाला.

"ते निळं माझ्या हाताचं हाय. निळा तुमचा रंग, माझी पेन्सिल. पण येळवस पेन्सिलीनं लिव्हायची मला लाज वाटली, म्हणून तुमचा पेन घेतला. पोराला ताप होता, हिनं तुमचंच समजून वाचलं. मंग मला कुणी बोलू नये म्हणून हिनं त्याच्यावर कागूद चिकटवला. ही झाकती ते मला झाकती. सोताचं काय झाकत न्हाई ती. काम काढायचं तर माझं काढा. मी पेन्सिल डाळीत ठिवली हाय."

फोनमधला आवाज मऊ झाला.

"आजी, लिहायला कधी शिकलात तुम्ही?"

"साठी उलटल्यावर. नातीपाशी."

"आणि त्या दिवशी खरंच सगळं बंद असतं?"

"बाजारात कुत्रं दिसत न्हाई बाई. तीबी शेतात जातात, उंड्याच्या वासानं."

पलीकडून हसल्यासारखं काही आलं, पण ते लगेच थांबलं. "एक पेशंट मला तासभर भज्जीबद्दल सांगत होते. तोंड उघडं ठेवायचं सोडून." मग आवाज परत सरळ झाला. "आजी, चूक तुमची नाही. लिहिणाऱ्यानं काहीही लिहावं, भरणाऱ्यानं विचारून भरायचं असतं. अंबिका, काम चालू राहील. दुसरा दवाखाना फेब्रुवारीत नाही, जूनमध्ये बघू. तोपर्यंत एकही बंद मला विचारल्याशिवाय नाही. आणि काही झाकायचं नाही. कुणासाठीच."

"हो मॅडम."

फोन बंद झाला. अंबिकाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कपाळाला आठी होती.

"कशाला बोललात, आत्या?"

"तू कशाला झाकलंस?"

"तुम्हाला घरात कुणी टाकून बोललं असतं."

"मी सदुसष्ट वरसांची हाय. मला बोलू बोलू समदे थकले," नागम्मा म्हणाली. "मी अजून थकले न्हाई."

अंबिका स्वयंपाकघरात गेली, डाळीचा डबा आणला, कोपरापर्यंत हात घालून पेन्सिल काढली आणि तिथंच उभ्यानं टोक केलं. पेन्सिल सासूच्या हातात देत म्हणाली, "आता घरचं लिहायचं, आणि दर शनिवारी माझा सगळा तक्ता वाचायचा. जिथं बंद दिसेल तिथं मला विचारायचं, हे बंद कुणी सांगितलं?"

"मी इचारू? तुला?"

"मलाच."

ओसरीवर पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. येळवस होऊन दोन दिवस झाले होते. वर्ष भरलं होतं. गुरुबसप्पांनी दुकानाचा विषय काढला नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही. मार्चमध्ये त्यांनी दुकानावर एक पगारी माणूस ठेवला.

जूनमध्ये दुसरा दवाखाना आला. हिमायतनगरची सुकन्या कामाला लागली, पुढं निलंग्याची एक लागली, मग उमरीची अंबिकाची मावसबहीण. चौघींची घरं वेगळी, लेकरं वेगळी, पण शनिवारी दुपारी चौघी एकाच वेळी फोनवर असत आणि नागम्मा चष्मा लावून भिंतीवर बोट ठेवत पुढं सरके. "बावीस तारीख. बंद. हे बंद कुणी सांगितलं? सुकन्या, तू बोल."

"मॅडमनी, अज्जी. फोनवर."

"किती वाजता?"

"सव्वाअकराला."

"बरं. फुडं."

निलंग्याची पहिल्या शनिवारी घाबरून रडली होती. नंतर तीच म्हणायची, सासू परवडली, पण शनिवारच्या अज्जी नको. हे नागम्माच्या कानावर आलं तेव्हा ती दिवसभर मिशीत हसल्यासारखी हसत होती. देवणीच्या नणंदेला तिनं फोन करून सांगितलं, "आता मीबी हापिसात हाय."

व्यापारी घरांत वर्षअखेरीला गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटायची रीत आहे. गुरुबसप्पा दरवर्षी बाजारातल्या छापखान्यातून दुकानाच्या नावानं शंभर कॅलेंडरं काढत. दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात त्यांनी शंभर काढली आणि वर एक वेगळं भेंडोळं काखेत घेऊन आले. ते त्यांनी न बोलता सुनेच्या टेबलावर ठेवलं. अंबिकानं उलगडलं. पुऱ्या भिंतीएवढे बारा तक्ते, बारा महिन्यांचे, मोठ्या मोठ्या चौकटी आखलेल्या. वर बसवेश्वरांचं चित्र. खाली जिथं दुकानाचं नाव असतं तिथं छापलं होतं: अंबिका मृत्युंजय हलबुर्गे, उदगीर. कामकाज घरून.

"दार न्हाई, काटा न्हाई," गुरुबसप्पा म्हणाले. "निदान पाटी तरी असावी."

मग त्यांनी खिशातून एक पेन काढला आणि बायकोपुढं धरला. जांभळा. भिंतीवर तो रंग कुणाचाच नव्हता.

"पेन्सिल पुसती," ते म्हणाले.

नागम्मानं पेन घेतला. आधी पेनाचं टोपण काढून हातावर रेघ ओढून बघितली. मग तक्ते चाळत चाळत थेट शेवटच्या पानावर गेली. पंचवीस सालची येळवस एकोणीस डिसेंबरला होती, ते तिनं पंचांगात आधीच बघून ठेवलं होतं. अंबिका शेजारी उभी होती, शिवांश पायाशी टोपणाशी खेळत होता. नागम्मा खुर्ची ओढून बसली आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत, तिनं त्या चौकटीत लिहिलं: येळवस. आपलं बंद. डाक्टरीनबाईचं चालू.

तो तक्ता डिसेंबर लागला तेव्हा भिंतीवर आला. नागम्मा त्याआधीच, सोमवारी, सतरा नोव्हेंबर दोन हजार पंचवीसला सकाळी वारली.